बास्कांच्या किनाऱ्यावरून धावताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय, मराठी रंगभूमी, मराठ्यांचे आरमार असे भारदस्त विषय हाताळले. त्या पंक्तीला एका सरकारी नोकराच्या धावण्याची हकीकत बसवणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, आणि उभी हयात टिपणे व मसुदे लिहिण्यात गेलेली. तथापि गेल्या वर्षी युरोपातील एका लहानशा लोकसमूहाच्या किनाऱ्यावरून सात दिवस धावत जाण्याचा योग आला. तेथे जे पाहिले ते मंडळासमोर मांडावे, असा आग्रह आपल्या कार्यवाहांनी धरला. विषय दूरचा खरा. पण आपण सारे घरापासून दूर राहणारेच आहोत, तेव्हा तो आपणांस अगदीच परका वाटू नये.

प्रथम आमच्या मेळ्याविषयी. विशाखापट्टणमला माझी बदली झाल्यापासून पहाटे समुद्राकाठच्या रस्त्यावर धावण्याचा माझा परिपाठ आहे. तेथे आम्हा चौघांचे सूत जमले. एक बंदरात काम करणारे तेलुगू अभियंते, दुसरे भूगर्भशास्त्र शिकवणारे बंगाली प्राध्यापक, तिसरे बँकेतून निवृत्त झालेले मल्याळी गृहस्थ आणि चौथा मी. चौघांनीही पन्नाशी ओलांडलेली. त्यामुळे धावणे म्हणजे बोलताना दम लागू नये इतक्या बेताचे. चढ आला की आम्ही निमूटपणे चालू लागतो. आमचे बोलणे इंग्रजीत, थट्टा हिंदीत, आणि पायाला ठेच लागली की उद्गार मात्र ज्याच्या त्याच्या मातृभाषेत, असा आमचा शिरस्ता. प्राध्यापकांना स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील काही खडक पाहण्याची फार दिवसांची ओढ होती. त्यांनी विषय काढला, आम्ही तो उचलून धरला. रजा, परदेशगमनाची परवानगी आणि व्हिसा हे सोपस्कार यथाकाल पार पडले, आणि सप्टेंबर महिन्यात आम्ही फ्रान्सच्या सीमेवरील इरून या गावी जाऊन थडकलो.

पिरेनीज पर्वत जेथे अटलांटिकच्या बिस्के उपसागराला भिडतो, तेथे सीमेच्या दोन्ही बाजूंना बास्क लोकांची भूमी आहे. परंपरेने तिचे सात प्रांत मानतात; त्यांतील चार आज स्पेनमध्ये आणि तीन फ्रान्समध्ये आहेत. आपल्या भूमीला ते ‘एउस्काल हेर्रिया’ म्हणतात, म्हणजे एउस्कारा भाषेचा देश. ही एउस्कारा भाषा युरोपातील कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, एवढेच काय पण आपली मराठीदेखील एका विशाल कुळातील दूरची नातलग मंडळी. एउस्कारा मात्र एकटी. आणि बास्क माणसाला त्या भाषेत म्हणतात ‘एउस्काल्दुन’. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो’. रक्त, गाव, आडनाव यांपैकी कशाचाही उल्लेख त्या शब्दात नाही. हा अर्थ कृपया ध्यानी ठेवावा. पुढे मला त्याच्याकडे वळायचे आहे.

आमचा मार्ग इरूनपासून पश्चिमेकडे, सुमारे एकशे चाळीस किलोमीटरांचा. काही भाग सांतियागोच्या यात्रेकरूंच्या वाटेने जातो. तेथे पिवळे बाण रंगवलेले असतात. इतरत्र लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा पाहून जायचे. पहिल्याच दिवशी साडेपाचशे मीटरांच्या घरातील हाइस्किबेलचा डोंगर आमची परीक्षा घेतो. उजव्या हाताला खाली निळा समुद्र, डाव्या हाताला हिरवी कुरणे, आणि मधून वाट. ज्यांनी कोकण पाहिले आहे त्यांना हा प्रदेश ओळखीचा वाटेल. डोंगर थेट समुद्रात उतरतो, पाऊस भरपूर, आणि दर काही कोसांवर खाडी आडवी येते. पसाइया येथे तर पलीकडच्या काठाला जाण्यासाठी लहानशा होडीत बसावे लागते. आपल्या कोकणातल्या तरीची तेथे आठवण न झाली तरच नवल. याच गावी १८४३ साली फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो येऊन राहिला होता.

पसाइयाच्या खाडीकाठी एक गोदी आहे. सोळाव्या शतकात बास्क दर्यावर्दी देवमाशांच्या शिकारीसाठी अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यापर्यंत जात. त्यांचे ‘सान हुआन’ नावाचे एक जहाज १५६५ साली तेथे बुडाले आणि १९७८ साली त्याचे अवशेष पाण्याखाली सापडले. त्याच जहाजाची प्रतिकृती जुन्या पद्धतीने, लाकूड तासून, या गोदीत घडवण्यात आली. पुढे गेतारिया हे गाव लागते. पृथ्वीप्रदक्षिणेचे श्रेय आपण मॅगेलनला देतो. पण तो वाटेतच मारला गेला, आणि १५२२ साली अवघ्या अठरा जणांनिशी ‘व्हिक्टोरिया’ जहाज परत आणले ते या गेतारियाच्या एल्कानोने. इतक्या लहान मुलखातून इतकी माणसे इतक्या लांब गेली, हे ऐकून आमचे बंदरातले अभियंते बराच वेळ त्या धक्क्यावर उभे होते.

तिसऱ्या दिवशी सुमाइया आले आणि प्राध्यापकांचे धावणे संपले. तेथील कडे म्हणजे चुनखडी आणि चिखलदगड यांच्या पातळ थरांची चवड आहे; भूकवचाच्या हालचालींनी ती उभी तिरकी झाल्यामुळे कपाटात पुस्तके उभी लावावीत तशी दिसते. सुमाइया ते देबा या टापूत सुमारे सहा कोटी वर्षांचा इतिहास थरांनी लिहिलेला आहे. त्यांत एक काळसर रेघ त्यांनी आम्हांस दाखवली. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला, महाकाय सरीसृपांचा वंश संपला. त्या संहाराची खूण या रेघेत आहे. आणि मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “साहेब, याच सुमारास तुमच्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. तुमचा सह्याद्री तेव्हा घडत होता.” सातासमुद्रापलीकडे एका परक्या कड्यापाशी सह्याद्रीचे नाव निघावे, हा योग मोठा होता. मी त्या रेघेला हात लावला. आमचे मल्याळी मित्र म्हणाले, “आता महाराष्ट्राने येथेही हक्क सांगितला!”

असो. आता भाषेकडे येतो. बी.ए.ला मी मराठी घेतले होते, त्यामुळे कानाला सवय. देबाच्या एका दुकानात फळे घेताना दुकानदारणीने आकडे सांगितले, आणि त्यांची घडण विचारल्यावर मजा वाटली. एउस्कारात वीस म्हणजे ‘ओगेइ’. चाळीसला म्हणायचे दोन वीस, साठला तीन वीस, ऐंशीला चार वीस. आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या ‘तीन विसा आणि पाच’ असे मोजत, ते अनेकांना आठवत असेल. दुसरे साम्य याहून सूक्ष्म आहे. आपण ‘राम आला’ म्हणतो, पण ‘रामाने आंबा खाल्ला’. कर्म असलेल्या भूतकाळी क्रियापदापुढे कर्त्याला ‘ने’ लावतो. एउस्कारात अशा सकर्मक वाक्यातील कर्त्याला सर्वच काळांत ‘क’ हा प्रत्यय लागतो. नाते काही नाही, योगायोगच. पण वाटेत अनोळखी माणसाने आपल्या गावचे नाव घ्यावे तसा आनंद त्यात आहे.

चौथ्या दिवशी मुत्रिकु, ओन्दारोआ करीत आम्ही लेकेइतिओ या मासेमारांच्या गावी मुक्कामाला पोहोचलो. ज्या घरी उतरलो होतो तेथील आजीबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांची मुलगी इंग्रजी जाणणारी, तिने दुभाष्याचे काम केले. जेवताना आजीबाईंनी विचारले, “तुम्ही चौघे आपसांत कोणती भाषा बोलता?” आम्ही सांगितले, इंग्रजी आणि हिंदी. “आणि घरी?” त्यावर चार भाषांची नावे निघाली. त्यांनी चारही नावे एकेक करून स्वतः उच्चारून पाहिली आणि मग आपल्या वडिलांच्या शाळेची गोष्ट सांगितली.

त्या शाळेत एक अंगठी असे. एउस्कारा बोलताना जो मुलगा सापडेल त्याच्या बोटात ती घालायची. त्याने कान टवकारून दुसरा कोणी तीच भाषा बोलताना पकडायचा आणि अंगठी त्याच्याकडे सोपवायची. आठवड्याच्या शेवटी ती ज्याच्यापाशी राहील त्याला शिक्षा. ही प्रथा त्या एका शाळेपुरती नव्हती. सीमेच्या दोन्ही अंगांना, विशेषतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, ती अनेक ठिकाणी असल्याची नोंद आहे. श्रोतेहो, त्या अंगठीची योजना किती दुष्ट होती पाहा. मास्तरांना मारावे लागले ते आठवड्यातून एकाच मुलाला. बाकीचे काम मुलांनीच एकमेकांवर पाळत ठेवून केले.

पुढे १९३७ साली, यादवी युद्धात, २६ एप्रिलला, बाजाराच्या दिवशी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे गाव बेचिराख केले. पिकासोच्या चित्रामुळे ते नाव जगाला ठाऊक झाले. आम्ही सहाव्या दिवशी तेथे पोहोचलो. ज्या ओकवृक्षाखाली बिस्काया प्रांताची सभा भरत असे आणि राज्यकर्ते तेथील हक्क पाळण्याची शपथ घेत, तो वृक्ष त्या बॉम्बहल्ल्यातून वाचला. जुन्या वृक्षाचे खोड आज एका मंडपात जपून ठेवले आहे आणि त्याच्याच वंशातील तरुण झाड सभागृहापाशी उभे आहे. १९३९पासून १९७५ साली फ्रँकोचा मृत्यू होईपर्यंत स्पेनमध्ये हुकूमशाही होती. तिच्या पहिल्या काळात तर एउस्कारा शाळा, कचेऱ्या आणि छापखाने यांतून जवळजवळ हद्दपार झाली होती.

अशा वेळी भाषा कोणी राखली? १९४०च्या दशकात सान सेबास्तियन शहरात एल्बिरा सिपित्रिया नावाच्या एका शिक्षिकेने घराघरांतून मूठभर मुलांना एउस्कारातून शिकवण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘इकास्तोला’ म्हणजे बास्क माध्यमाच्या शाळांची चळवळ पुढे फोफावली. प्रांतोप्रांतीच्या बोली इतक्या भिन्न की लिहावे कोणत्या बोलीत हाही प्रश्न होता. १९६८ साली बास्क अकादमीने आरांतसासु येथील सभेत एका प्रमाण लेखनभाषेचा पाया घातला. १९७९च्या स्वायत्ततेच्या कायद्याने स्पेनमधील तीन प्रांतांत एउस्कारा ही स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा झाली. याच काळात त्या भूमीने रक्तपातही पाहिला. १९५९ साली स्थापन झालेल्या एटा या सशस्त्र संघटनेने आठशेहून अधिक माणसे मारली. २०१८ साली ती विसर्जित झाली. त्याविषयी आजीबाई एवढेच म्हणाल्या, “माझ्या नातवाला भाषा बंदुकीने शिकवली नाही, बाईंनी शिकवली.”

आणि मग मुलीने आतल्या खोलीतून एक छायाचित्र आणले. रात्रीची वेळ, पाऊस, आणि रस्ताभर धावणारी माणसे; पुढे आजीबाईंची नात, तिच्या हातात एक लाकडी दंडुका. हीच ‘कोर्रिका’. या शब्दाचा अर्थच ‘धावत’ असा. १९८०च्या अखेरीस ओन्याती गावापासून बिल्बाओपर्यंत ती प्रथम निघाली, आणि तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी निघते. दहाएक दिवस, रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता दोन हजारांहून अधिक किलोमीटर लोक पाळीपाळीने धावतात, सातही प्रांतांतून. प्रत्येक किलोमीटर कोणीतरी पैसे देऊन घेतलेला असतो: कुठे शाळेने, कुठे न्हाव्याच्या दुकानाने, कुठे एका कुटुंबाने. ज्याचा किलोमीटर, त्याच्या हाती तेवढा वेळ तो दंडुका. त्या दंडुक्याला त्यांच्या भाषेत ‘साक्षीदार’ म्हणतात, आणि त्याच्या पोकळीत एक गुप्त संदेश असतो. शेवटच्या मुक्कामी तो उघडून वाचला जातो. जमा झालेला निधी प्रौढांना एउस्कारा शिकवणाऱ्या संस्थेला मिळतो.

मी ते छायाचित्र पुन्हा पुन्हा पाहिले. आजीबाईंच्या वडिलांच्या हाती अंगठी आली होती, ती दुसऱ्यावर ढकलण्यासाठी. त्यांच्या पणतीच्या हाती दंडुका आला, तोही दुसऱ्याला देण्यासाठीच. देणेघेणे दोन्हींकडे आहे, आणि दोन्हींचे कारण एकच भाषा.

याचा परिणाम काय झाला, हे विचारणे सरकारी नोकराला भागच आहे. स्पेनमधील त्या तीन प्रांतांत १९९१ साली सुमारे २४ टक्के प्रौढांना एउस्कारा येत होती. २०२१ साली ते प्रमाण सुमारे ३६ टक्के झाले, आणि तरुणांत ते वृद्धांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. फ्रान्सच्या बाजूला मात्र भाषेला राजभाषेचा दर्जा नाही आणि तेथे बोलणारे घटत गेले. शिवाय भाषा येणारे वाढले तरी रस्त्यावर ती बोलणारे त्या मानाने थोडेच, ही त्यांची आजची चिंता आहे. साऱ्या सात प्रांतांत मिळून बोलणारे सुमारे आठ लाख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. म्हणजे आपल्यातील शंभर माणसांमागे त्यांचा एक.

सातव्या दिवशी मुंदाका, बेर्मेओवरून गास्तेलुगाचेला आमची दौड संपली. समुद्रात घुसलेला खडक, त्यावर चिमुकले देऊळ, आणि वर जाण्यास २४१ पायऱ्या. चौघेही जिना चढताना जेजुरी, तिरुमला, शबरीमला आणि तारकेश्वर यांची तुलना करीत होतो. वाटेत उलट येणारे लोक ‘औपा!’ अशी आरोळी देत. ‘शाबास, चला’ असा तिचा भाव. आम्ही त्यांना ‘एस्केरिक आस्को’ म्हणजे ‘फार आभारी’ असे उत्तर देत असू, आणि या दोन शब्दांनी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटे तो इंग्रजीतील दहा वाक्यांनीही उमटला नसता.

श्रोतेहो, बास्कही आपल्यासारखेच घर सोडून दूर गेले. जुन्या गोव्यात ज्यांचा देह ठेवला आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर नवार प्रांतातले, आणि त्यांची मातृभाषा बास्क होती. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस येथे गेलेल्या बास्कांनी १८७७ साली ‘लाउराक बात’ नावाचे मंडळ स्थापन केले. अशा मंडळांना ते ‘एउस्काल एचेआ’, बास्क घर, म्हणतात. तेथेही जेवणावळी होतात, नाच होतात, वर्षाचे सण होतात. आणि अशा कित्येक घरांतून भाषेचे वर्गही चालतात.

आपल्या मंडळाला आज पन्नास वर्षे झाली. गणेशोत्सव थाटात होतो, कोजागरी होते, दिवाळीचा फराळ होतो, नाटक बसते. संस्थापकांनी हे सारे उभे केले ते पदरमोड करून, याची जाण आपणां सर्वांस आहे. परंतु रविवारचा मराठी वर्ग, ज्यात एके काळी चाळीस मुले बसत, त्यात गेल्या वर्षी सहा होती. आणि ग्रंथालयाचे कपाट उघडण्यासाठी किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे लागते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण येथे पेढे वाटले. आपल्या नातवंडांना त्या पेढ्यांच्या पुड्यावरील अक्षरे वाचता येतात का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्यावर कोणी अंगठी घातलेली नाही. या शहराने आपणांस प्रेमाने सामावून घेतले, येथील तेलुगू आपण शिकलो, शिकलेच पाहिजे. आपल्या मुलांना मराठी बोलण्याबद्दल कोणी मास्तर शिक्षा करीत नाही. तरीही घरात पाहुणे आले की आपणच मुलाला हळूच सांगतो, ‘इंग्लिशमध्ये बोल’. बाहेरच्या सक्तीशी झुंजणे कठीण, पण निदान शत्रू समोर दिसतो. येथे समोर आपल्याच घरचा दिवाणखाना आहे.

म्हणून माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाचा मजला वाढवण्याचा जो प्रस्ताव आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु त्या निधीचा चौथा हिस्सा मराठीच्या वर्गासाठी बाजूला काढावा, शिक्षकाला मानधन द्यावे, आणि तो वर्ग केवळ बालकांचा न ठेवता प्रौढांचाही करावा. आपल्या कित्येक घरांत आता तेलुगू, बंगाली, ओडिया सुना आहेत, पंजाबी जावई आहेत. प्रौढपणी एउस्कारा शिकलेल्या माणसाला बास्क लोक ‘एउस्काल्दुन्बेर्री’ म्हणतात, म्हणजे ‘नवा एउस्काल्दुन’. आणि भाषा हाती आली की तो त्यांचाच. मघाशी ध्यानी ठेवा म्हटले तो अर्थ हाच. ज्याच्यापाशी मराठी आहे तो मराठी, ही व्याख्या आपण स्वीकारली तर या मंडळाचे दार किती रुंद होईल! आमच्या मल्याळी मित्रांनी पहिला विद्यार्थी म्हणून नाव नोंदवण्याचे कबूल केले आहे. सात दिवस माझ्या मराठी उद्गारांचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

वर्ग सुरू झाल्यास दर रविवारी पहाटेचे धावणे आटोपून, आठ वाजता, फळा पुसण्यास मी हजर राहीन.